रेझ्युमे लिहून देणारी सेवा: पहिला मसुदा फेकला, दुसरा ठेवला

नऊ वर्षं एकाच कंपनीच्या स्टोअर्समध्ये काढली, आता नोकरी बदलायची म्हणून जुना रेझ्युमे उघडला. सात बुलेट होते, त्यातल्या पाचांची सुरुवात 'रिस्पॉन्सिबल फॉर'ने. स्टॉकची जबाबदारी, डिस्पॅचची जबाबदारी, नोंदींची जबाबदारी. जबाबदारी होती हे खरं, पण ती मी पार पाडली की गोडाऊनला कुलूप लावून घरी जाऊन झोपले, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून एका ऑनलाइन सेवेकडून तो नव्याने लिहून घेतला. नाव देत नाही, कारण निम्मा अनुभव वाईट आहे. आधी फॉर्म भरायचा, मग मसुदा येतो, त्यानंतर तासाभराचा व्हिडिओ कॉल आणि सुधारित मसुदा, अशी पद्धत.

पहिला मसुदा दिसायला देखणा होता. दोन कॉलम, कौशल्यांपुढे रंगवलेली टिंबं, आणि ओळीओळीत 'स्पिअरहेडेड', 'ऑर्केस्ट्रेटेड'. वाचताना वाटलं, मी स्टोअर्स नाही, एखादी लढाई चालवत होते. तिसऱ्या ओळीत 'इन्व्हेंटरी खर्चात ३५ टक्के कपात'. आता हे ३५ आले कुठून? फॉर्ममध्ये मी एकही टक्का लिहिला नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "अंदाजे टाकलाय, तुम्ही बदलू शकता." मुलाखतीत कुणी "कसं केलंत?" विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. शिवाय खर्च कधी माझ्या हातात नव्हताच. खरेदीचा विभाग वेगळा.

दोन कॉलमचंही तेच. अर्ज छाननीची सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर उपसून घेतात, आणि कॉलम, टेबलं, टेक्स्ट बॉक्स असले की त्यातल्या काहींचा क्रम बिघडतो. मी सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर माझं पद एक्सेल आणि ईमेलच्या मध्ये जाऊन बसलेलं. मसुदा बाद.

कॉलवर मात्र दुसऱ्याच बाई आल्या, आणि त्यांच्यामुळे हे परीक्षण तक्रार व्हायचं राहिलं.

"स्टॉक सांभाळता म्हणजे नक्की काय करता?"

"मोजते, सिस्टिमशी जुळवते."

"किती वस्तू?"

"अठराशे."

"न जुळणाऱ्या किती निघतात?"

"आता फारशा नाही निघत."

"आता म्हणजे? आधी निघायच्या?"

मी उठून कपाटातून जुनी डायरी काढली. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक मोजणीत ७२ वस्तू जुळल्या नव्हत्या. त्यानंतर मी दर शुक्रवारी एकेक रॅक मोजायला घेतला, आणि स्लिपवर बिन नंबर, म्हणजे रॅकमधल्या खणाचा क्रमांक, नसेल तर माल द्यायचा नाही असं ठरवलं. पहिला महिना प्रॉडक्शनवाल्यांनी खूप कटकट केली. पुढच्या वार्षिक मोजणीत १८ निघाल्या. हा आकडा मला कुणी मागितला नव्हता, मीच आपली लिहून ठेवला होता. त्यातून बनलेली ओळ साधारण अशी: 'साप्ताहिक रॅकनिहाय मोजणी सुरू करून आणि बिन नंबरशिवाय माल देणं थांबवून १,८०० वस्तूंमधली तफावत वर्षभरात ७२ वरून १८ वर आणली.'

बाईंना तिथे '७५ टक्के घट' हवं होतं. हिशेब बरोबर आहे, पण चारवरून एकवर आलं तरी ७५ टक्केच. मी मूळ आकडे ठेवायला लावले. कंपनीचे आकडे बाहेर सांगायचे नसतील तेव्हा टक्का बरा, हे त्यांचं म्हणणं पटलं. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१४ मध्ये मांडलेलं सूत्रही त्यांनी सांगितलं: काय साधलं, ते कशावरून मोजलं, आणि काय करून साधलं. मला ते शेपटाकडून धरणं सोपं गेलं. आधी मी काय केलं ते आठवायचं, परिणाम मागून आपोआप आठवतो.

क्रियापदांपाशी मी सगळ्यात जास्त अडखळले. ऑफिसच्या मेलमधून 'नोंदी अद्ययावत करण्यात आल्या' लिहायची सवय जडलेली. 'करण्यात आल्या' फार सोयीचं आहे. काही चुकलं तर कुणाचंच नाव येत नाही. पण मग काही चांगलं झालं तरी येत नाही. बाईंनी प्रत्येक ओळ 'मी'ने सुरू करून मोठ्याने म्हणायला लावली. स्वतःच्या तोंडाने मी-मी करायचा संकोच पाचव्या ओळीपर्यंत गेला नाही. बारकोडच्या ओळीत तर 'मी'नेच गोची केली. सिस्टिम आणली आयटीने. मी लेबलं लावून घेतली आणि चार स्टोअरकीपरना स्कॅनर शिकवला. तेवढंच लिहिलं. ओळ लहान झाली, पण माझी झाली.

एक मात्र खटकलं. ट्रान्सपोर्टवाल्यांशी होणारी परत मालाची भांडणं मी मिटवते, त्याला आकडा नाही. तिथे त्यांनी 'रोज ५० फोन' घालायचा हट्ट धरला. अहो, ५० फोन हा कामाचा बोजा झाला, त्यातून निघालं काय? भांडण लवकर मिटलं असतं तर फोन दहाच झाले असते. ती ओळ शेवटी मी बिनआकड्याची ठेवली.

सुधारित मसुद्यात रुजू झाल्याचं वर्ष चुकलं होतं, कळवल्यावर संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं. पाचपैकी साडेतीन तारे. तीन कॉलवरच्या बाईंचे, अर्धा फाइल वर्डमध्ये दिली त्याचा. पुढच्या बदलासाठी त्यांच्या दारात जायला नको.