एमकॅट: भावी डॉक्टरांच्या यशाचे भाकीत ही परीक्षा किती करू शकते?

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्यामुळे तिथल्या प्रवेश समित्यांपुढे प्रत्येक अर्जदाराचे दोन आकडे सर्वांत आधी येतात: पदवीच्या वर्षांतील गुणसरासरी, म्हणजे जीपीए, आणि एएएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेतर्फे घेतल्या जाणाऱ्या एमकॅट परीक्षेचे गुण. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही ही परीक्षा देतात. तिचे शुल्क तीनशे डॉलरांहून अधिक आहे आणि शिकवणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. एवढे पैसे आणि आयुष्यातले कित्येक महिने घेणारी ही सेवा आपले मूळ काम, म्हणजे पुढील यशाचा अंदाज देण्याचे काम, कितपत चोख करते, हे पाहण्यासाठी हा परीक्षण-लेख आहे.

परीक्षेची बांधणी उत्तम आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. २०१५ पासूनच्या स्वरूपात चार विभाग, २३० प्रश्न आणि प्रत्यक्ष उत्तरे लिहिण्यासाठी सव्वासहा तास असतात. एकूण गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर दिले जातात. बहुतेक प्रश्न एखाद्या उताऱ्यावर किंवा प्रयोगाच्या वर्णनावर आधारलेले असल्यामुळे केवळ पाठांतराच्या जोरावर फार पुढे जाता येत नाही. शिवाय एकूण गुणांमध्ये दोन गुणांचा फरक मागे-पुढे होऊ शकतो, असे गुणपत्रिकाच सांगते. म्हणजे ५११ आणि ५१३ मिळवणाऱ्या दोघांत खरा फरक आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. दुर्दैवाने पालक आणि शिकवणीवाले नेमक्या याच दोन गुणांसाठी मुलांना पुन्हा परीक्षेला बसवतात.

आता भाकिताविषयी. १९२० च्या दशकात अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांतून अर्ध्यावर शिक्षण सोडणाऱ्यांचे प्रमाण चिंताजनक झाले, त्यावर उपाय म्हणून १९२८ मध्ये या परीक्षेची पूर्वज असलेली चाचणी सुरू झाली. अर्थात भाकीत करणे हाच तिचा जन्मापासूनचा हेतू आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की वैद्यकीय महाविद्यालयातील गुणांचा सर्वांत चांगला अंदाज जीपीए आणि एमकॅट एकत्र पाहिल्यावर येतो. डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना मिळवण्यासाठी टप्प्याटप्प्याने द्याव्या लागणाऱ्या परवाना परीक्षांच्या बाबतीत मात्र एमकॅट एकटीच जीपीएपेक्षा बरीच सरस ठरते. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याशी एमकॅटचा सहसंबंध, म्हणजे दोन्हींचे गुण किती मेळाने बदलतात याचे माप (पूर्ण मेळ असेल तर १), सुमारे ०.६० आढळला. मानवी वर्तनाच्या क्षेत्रात हा आकडा भक्कम मानला जातो. तरीही त्याचा वर्ग केला तर गुणांमधील चढउताराचा जेमतेम ३६ टक्के भागच त्यातून उलगडतो. येथे न्यायाने हेही सांगायला हवे, की असे अभ्यास केवळ प्रवेश मिळालेल्यांवरच होतात. कमी गुणांमुळे नाकारले गेलेले विद्यार्थी त्यात नसतातच, त्यामुळे परीक्षेची खरी ताकद आहे त्यापेक्षा कमी दिसते.

जीपीएची जमेची बाजू वेगळी आहे. एका दिवसाची तयारी नव्हे, तर कित्येक सत्रे टिकवलेली अभ्यासाची सवय त्यातून दिसते. परंतु एका महाविद्यालयातील चारपैकी ३.८ जीपीए आणि दुसऱ्यातील ३.८ यांची किंमत सारखी नसते, आणि सर्वांना एकच मोजपट्टी लावण्यासाठी एमकॅट लागते. आपल्याकडे नीटमध्ये बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरतात आणि एका दुपारच्या ७२० गुणांवर क्रम ठरतो. त्या तुलनेत दोन्ही आकड्यांना मान देणारी ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते.

खरी मर्यादा रुग्णाच्या खाटेपाशी दिसते. वर्गातल्या विषयांकडून प्रत्यक्ष रुग्णसेवेकडे जाऊ लागले की हे भाकीत क्षीण होत जाते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून मानव्यविद्येच्या काही विद्यार्थ्यांना एमकॅटशिवाय प्रवेश दिला, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते इतरांच्या बरोबरीने यशस्वी झाल्याचे दिसले. मात्र यावरून आकडे बाजूला सारून केवळ मुलाखतीवर निवड करावी, असे कोणी म्हटले तर ते मला पटणार नाही. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विधिमंडळाच्या आदेशामुळे ५० जागा ऐनवेळी वाढवाव्या लागल्या. त्या जागांवर मुलाखतीनंतर खालच्या क्रमांकावर ठेवलेले विद्यार्थी घेतले गेले, आणि पुढे त्यांच्या कामगिरीत व आधी निवडलेल्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. समितीची पारख आकड्यांहून अचूक असते, या समजाला या घटनेने मोठाच धक्का दिला.

यात एक नवी अडचणही आली आहे. जानेवारी २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण न देता केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल दिला जातो. एमकॅट ज्या आकड्याचे भाकीत सर्वांत चांगले करत होती, तो आकडाच आता उरलेला नाही. म्हणून माझ्या मते तिच्याकडून एकच अपेक्षा ठेवावी: विद्यार्थी या अभ्यासक्रमाचा भार पेलेल की नाही, एवढे तिने सांगावे. तेवढे काम ती चांगले करते. आपल्याला हव्या असलेल्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्यांच्या गुणांच्या मध्यावर आपले गुण आले असतील आणि जीपीएही भक्कम असेल, तर दोन-तीन गुणांसाठी पुन्हा पैसे भरू नयेत. परीक्षा आयुष्यात सात वेळाच देता येते आणि प्रत्येक वेळचे गुण समितीला दिसतात. खर्च करायचाच असेल, तर शिकवणीआधी एएएमसीच्याच सराव प्रश्नपत्रिका घ्याव्यात, त्यांतील काही विनामूल्य आहेत. उत्पन्न मर्यादित असणाऱ्यांनी नावनोंदणीपूर्वीच शुल्क-सवलतीसाठी अर्ज करावा, कारण भरलेले शुल्क नंतर त्या योजनेतून परत मिळत नाही.