उपाशीपोटीची साखर की 'तीन महिन्यांची' साखर?

मधुमेह आहे की नाही हे ठरवायला मी आधी एक प्रश्न विचारतो: तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? साखरेची कोणती तपासणी करायची, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

एचबीएवनसीला सगळे 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी मोजते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. उपाशी राहावं लागत नाही. 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पण हे सगळं गणित पेशींच्या आयुष्यावर उभं आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल, तर साखर बरी असूनही आकडा वर जाऊ शकतो. उलट तांबड्या पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच बरंच रक्त गेलं असेल, तर तो फसवा कमी येतो. रक्त चढवलं असेल तरीही काही आठवडे त्याच्यावर विसंबू नये. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांमध्येही तेच. 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून निर्धास्त झालेला असा रुग्ण मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो.

उपाशीपोटीची साखर पेशींच्या वयावर अवलंबून नाही. किमान 8 तास फक्त पाणी. 100 ते 125 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) म्हणजे उंबरठा, 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मात्र ती त्या एका सकाळपुरती बोलते. आजारपणात ती चढते. सकाळी स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांची साखर दुपारनंतर वाढते, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा निर्दोष दिसू शकतो. शिवाय नळीतल्या पेशी साखर खातच राहतात. नमुना तासन् तास तसाच पडून राहिला तर आकडा घसरतो.

म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असेल तर एचबीएवनसी सोयीची. ते कमी असेल किंवा माहीतच नसेल, तर उपाशीपोटीची साखर. गरोदरपणात मात्र निदानासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणीच योग्य.

जमत असेल तर दोन्ही एकाच वेळी करा, असं माझं मत. दोन्ही आकडे मधुमेहाच्या रेषेपलीकडे गेले, तर निदान पक्कं. एकच गेला, तर तीच तपासणी पुन्हा करायची. एकदा उपचार सुरू झाले की पाठपुराव्याला एचबीएवनसी सरस, पण दर तीन महिन्यांनी; पंधरा दिवसांनी केली तर गोळीचा पूर्ण परिणाम तिच्यात दिसणार नाही.

खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असं काही असेल, तर यातलं काहीच ठरवत बसू नका. त्याच दिवशी, जेवलेले असाल तरी, साखर तपासा. 200 किंवा त्यापुढे असेल तर दुसऱ्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा.