‘१०० टक्के जॉब’वाला क्लास आणि दोन वर्षांचं खोटं लेटर

डिप्लोमा किंवा बीसीए करून नेटवर्किंगमध्ये शिरू पाहणाऱ्या मुलांची अडचण एकच असते. अनुभव नाही म्हणून नोकरी मिळत नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव मिळत नाही. फसवणारे नेमकी हीच नस पकडतात.

नोकरीच्या पोर्टलवर बायोडेटा टाकला की फोन येतो, "तुमचा प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालाय." प्रत्यक्ष गेल्यावर कळतं की तो क्लास आहे. फी हप्त्यांनी भरा म्हणतात आणि ओटीपी मागतात. तो ओटीपी बहुतेक वेळा कुठल्यातरी फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. क्लासला रक्कम एकदम मिळते. पुढे शिकवणारा सोडून गेला, क्लासला टाळं लागलं, तरी ईएमआय तुमच्याच खात्यातून कापला जातो आणि थकला तर सिबिल बिघडतं. ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचा आणि कर्जाचा खर्च-अटी सांगणारं 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागून घ्या. डिजिटल कर्जाला कूलिंग ऑफ म्हणजे माघार घेण्याची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि झालेलं व्याज भरून बाहेर पडता येतं. ही मुदत फार थोडी असते, त्यामुळे 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून चालत नाही.

दुसरी फसवणूक सर्टिफिकेटची. क्लासने छापून दिलेलं 'सीसीएनए कोर्स पूर्ण' हे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं सीसीएनए सर्टिफिकेट नव्हे. खरी परीक्षा २००-३०१ या कोडची, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर अधिक कर, आणि ती पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडेच होते. तिला बसायला कुठलाही क्लास सक्तीचा नाही. स्वतःच्या लॉगिनने, स्वतःच्या नावावर परीक्षा बुक करा. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालात आणि ते उघड झालं, तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकते.

सगळ्यात वाईट सापळा यानंतर येतो. प्लेसमेंट होत नाही, मुलगा तगादा लावतो, तेव्हा त्याला हळूच सांगतात, "फ्रेशरला कोण घेणार? दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर करून देतो." त्याचे पैसे वेगळे. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर, आणि फोन उचलायला एक 'एचआर'. इथून तुम्ही नुसते फसलेले राहत नाही, गुन्ह्यात सामील होता. बनावट कागद खरा म्हणून वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली येतं. क्लासवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तुम्ही तक्रार करणार नाही याची त्याला खात्री असते.

हे लेटर पकडलं जातंच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, मागतात. पीएफ पासबुकात पगाराचा महिना आणि पैसे जमा झाल्याची तारीख वेगवेगळी दिसते. पीएफ मागाहून भरून दाखवला, तर महिने दोन वर्षांचे आणि भरणा सगळा एकाच आठवड्यातला, हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. कापलेल्या कराची नोंद असणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये टीडीएस नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नावच नाही किंवा 'स्ट्राइक ऑफ', म्हणजे नोंदणीतून काढलेली. नोकरी लागून चार महिने झाल्यावरही काढून टाकतात.

त्याआधी मुलाखतच आहे. साधा प्रश्न येतो: ट्रंकवर (स्विचमधल्या सामाईक जोडणीवर) व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे केलेले नेटवर्क) १० आणि २० चालू आहेत, ३० वाढवायचा आहे, काय टाइप कराल? 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं सांगितलंत की संपलं. मध्ये 'ॲड' नसेल तर जुनी यादी पुसली जाते, १० आणि २० दोन्ही बंद पडतात. मॅनेजमेंटचा, म्हणजे दुरून स्विच हाताळायचा, व्हीलॅन त्यातच असेल तर तुमचं रिमोट सेशनही तुटतं, मग स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी जावं लागतं. एकदा हात भाजलेला माणूस 'ॲड' विसरत नाही.

खोटं लेटर घेतलं असेल तर तो बायोडेटा आजच पोर्टलवरून काढा. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवली असेल तर लेखी मागणी करून परत घ्या. पावत्या, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, गॅरंटीचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. क्लासने कबूल केलेलं दिलं नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही.

बायोडेटात 'फ्रेशर' असंच लिहा आणि खाली केलेलं काम मांडा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर नेटवर्क उभारून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. त्यात तीन स्विच, दोन राउटर, चार व्हीलॅन, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) आणि ओएसपीएफ (राउटरांना वाटा कळवणारा प्रोटोकॉल) उभं करा, मग मुद्दाम बिघडवा. पीसीला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आला, म्हणजे डीएचसीपीकडून मिळाला नाही, तर डीएचसीपीपर्यंतची वाट कुठे तुटली ते शोधा आणि वहीत लिहून ठेवा. एल१ एनओसी (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातली पहिल्या पायरीची जागा), ब्रॉडबँडवाल्याकडचं फील्डचं काम, थर्ड पार्टी पेरोलवरची डेस्कटॉप सपोर्टची जागा, पगार कमी आणि शिफ्ट रात्रीची असली तरी इथे रोज खऱ्या पोर्टला हात लागतो, आणि यूएएनवर पडणारा प्रत्येक महिना खरा असतो.