पोलिओचे थेंब, सरकारी इंजेक्शन की हेक्सा: बाळाला नक्की काय द्यायचं?

माझ्या धाकट्या जावेला ऐरोलीत मुलगी झालीय, आता सहा आठवड्यांची होईल आणि घरात रोज एकच विषय, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नेऊन थेंब नि छोटं इंजेक्शन घ्यायचं की प्रायव्हेटमध्ये हेक्सा, म्हणजे सहा आजारांची एकत्र लस, द्यायचं. एका दवाखान्यात काउंटरवरच तिला सांगितलं, हेक्सा घेताय ना, मग थेंब नको. तिने मला फोन केला, ताई खरंय का हे? मला ते ऐकूनच कसंतरी झालं. माझे मामा दोन वर्षांचे असताना तापले आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडलेला होता, तो कायमचा. लहानपणी आजोळी गेलं की सकाळी ते कॉटवर बसून कॅलिपरचे पट्टे आवळायचे, गुडघ्याखाली चामडं घासून घासून तिथली कातडी काळी आणि टणक झाली होती. म्हणून हा विषय मी नीट समजून घेतला.

पोलिओचा विषाणू एन्टेरोव्हायरस कुळातला, म्हणजे आतड्यात वाढणारा. घाण पाण्यातून नाहीतर न धुतलेल्या हातांतून तोंडात जातो, आतड्यात वाढतो, तिथून रक्तात येतो आणि साधारण २०० जणांमध्ये एकाच्या मज्जारज्जूत शिरून स्नायू हलवणाऱ्या पेशीच मारतो. त्या पेशी परत येत नाहीत. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही, पण शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. आता थेंब आणि इंजेक्शनातला फरक इथेच आहे, की या वाटेवर विषाणूला कुठे अडवायचं.

इंजेक्शनात मेलेला विषाणू असतो. तो रक्तात अँटीबॉडी तयार करतो, त्यामुळे विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही आणि मुलाचा पाय वाचतो. पण आतड्यात मात्र तो फारसा अडत नाही. थेंबांत अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो, तो स्वतः आतड्यात वाढून तिथेच पहारा बसवतो. इस्रायलचं उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. तिथे २००५ पासून फक्त इंजेक्शन देत होते, लसीकरणही चांगलं होतं, तरी २०१३ मध्ये सांडपाण्यात जंगली, म्हणजे लसीतला नव्हे तर मूळचा, पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल लुळं पडलं नाही, म्हणजे इंजेक्शनने आपलं काम चोख केलं, पण विषाणू आतड्यांतून गुपचूप फिरत होता आणि तो थांबवायला त्यांना मुलांना परत थेंब पाजावे लागले.

मग थेंबच भारी का? तसंही नाही. आपल्याकडे थेंबांचा प्रत्येक डोस लागू पडतोच असं नाही, म्हणून तर इतक्या वेळा पाजतात. शिवाय साधारण २७ लाख डोसांमागे एखाद्याला थेंबांतल्या विषाणूनेच लुळेपणा येऊ शकतो. जिथे बरीच मुलं लसीविना राहतात तिथे तो अशक्त विषाणू फिरता फिरता बदलून परत ताकदवान होतो, २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेला एक तरुण अशाच बदललेल्या विषाणूने लुळा पडला. दुसरं म्हणजे पोलिओ विषाणूचे तीन टाइप आहेत आणि २०१६ पासून आपल्या थेंबांत टाइप २ नसतो, फक्त १ आणि ३, त्यामुळे टाइप २ साठी इंजेक्शन लागतंच.

म्हणून सरकारी केंद्रात दोन्ही देतात आणि फुकट देतात. थेंब जन्मल्यावर, मग ६, १०, १४ आठवड्यांना आणि पुढे दीड वर्षाच्या आसपास बूस्टर. इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना, २०२३ पासून नवव्या महिन्यातही. हे इंजेक्शन पूर्ण डोसाचा पाचवा भाग, ०.१ मिली, कातडीतच देतात, दंडावर मसुराएवढा फुगवटा येतो आणि जिरतो. पाचवाच भाग म्हणजे काटकसर असं वाटतं लोकांना, पण कातडीतल्या अशा दोन डोसांनी स्नायूतल्या एका पूर्ण डोसापेक्षा जास्त संरक्षण मिळतं.

हेक्सात पोलिओचा पूर्ण डोस असतो आणि डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, कावीळ बी, हिब (लहान मुलांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जिवाणू) हे सगळं एकाच सुईत, टोचणी कमी. काही हेक्सांमध्ये ताप आणि सूजही कमी येते, पण एका खेपेला काही हजार जातात आणि अशा तीन खेपा. पैसे असतील तर जरूर घ्या, पण थेंब सोडायला ते कारण नाही. हेक्सा घेतलेल्या बाळालाही पल्स पोलिओच्या दिवशी थेंब द्यायचेच, पाच वर्षांचं होईपर्यंत. आणि पैशांची ओढाताण असेल तर मुळीच कमीपणा वाटून घेऊ नका, सरकारी वेळापत्रक वेळेवर पूर्ण केलं की बाळ पोलिओपासून सुरक्षित. अर्धं इथे अर्धं तिथे करून तारखा चुकवणं हे त्यापेक्षा वाईट.

बाळाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल, किंवा घरात कोणाची केमो चालू असेल, तर थेंबांआधी डॉक्टरांना सांगा, तिथे गणित बदलतं. आणि केंद्रात थेंबांच्या बाटलीवरचं चिन्ह बघायला लाजू नका, गोलाच्या आत एक चौकोन असतो, तो गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, गोलाइतका गडद झाला तर उष्णतेने खराब झाली. घणसोलीत आमच्या केंद्रातल्या सिस्टरांनी मला विचारल्याबरोबर बाटली हातात धरून दाखवली होती.

एक गैरसमज मात्र काढायचाय. यातली कुठलीच लस बाकीच्या एन्टेरोव्हायरसवर चालत नाही. पावसाळ्यात पाळणाघरात हात-पाय-तोंडाच्या पुरळाची साथ येते, ती त्याच कुळातली, बहुतेक मुलं आठवड्याभरात बरी होतात. पण मूल झोपेत सारखं दचकत असेल, उलट्या थांबत नसतील, मान आखडली असेल किंवा चालताना झोक जात असेल तर रात्र काढू नका, विषाणू मेंदूकडे गेलेला असू शकतो. आणि हात किंवा पाय अचानक ढिला पडला तर लगेच सरकारी हॉस्पिटल, तिथे १५ वर्षांखालच्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने पोलिओसाठी तपासतात, लस झालेली असली तरी.

जावेचं ठरलं, हेक्सा प्रायव्हेटमध्ये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात थेंब. पहिल्या खेपेला मीच रजा टाकून सोबत जातेय, एमसीपी कार्ड, म्हणजे लसींची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, तिने आत्ताच बॅगेत टाकून ठेवलंय.