डायव्हर लोकांनी बनवलेला रॅशगार्ड: कापड झकास, पण त्या चेनचं काय करायचं

चेन अडकली म्हणून लिहितेय, नाहीतर लिहायचा कंटाळाच केला असता. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण भांडण अर्धं मिटलंय आणि उरलेलं अर्धं मला ईमेलवरच मिटवायचंय. परदेशातली छोटी कंपनी आहे, डायव्हर मंडळींनीच काढलेली, सगळ्या कपड्यांवर समुद्रातल्या प्राण्यांचे पॅटर्न, नफ्यातला काही भाग समुद्राच्या कामाला देतात वगैरे. ज्यांना इन्स्टावर सारख्या त्यांच्या जाहिराती दिसतात त्यांना कळलं असेलच कोण ते.

मी घेतला तो फुल बाह्यांचा, पुढे छातीपर्यंत चेनवाला, व्हेल शार्कच्या ठिपक्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट. अठ्ठ्याहत्तर टक्के रिसायकल नायलॉन आणि बाकी लायक्रा (ताणला जाणारा धागा), UPF 50, अंगठ्याला लूप. सात हजारांच्या आसपास पडला, त्यावर शिपिंग, त्यावर कस्टम ड्युटी, आणि कुरियरवाल्याने ड्युटी भरायची 'सेवा' केली म्हणून त्याचे वेगळे. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही. डेकॅथलॉनमध्ये हजार-बाराशेत चांगला रॅशगार्ड मिळतो हे मलाही माहितीये, तेव्हा कमेंटमध्ये ते लिहायला येऊ नका.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरमध्ये डायव्हिंग शिकले तेव्हापासून मी साधे टी-शर्ट, स्वस्तातले रॅशगार्ड सगळं वापरून बघितलंय. सगळ्यांचा प्रॉब्लेम एकच, बीसीडीचे (टाकी पाठीवर धरणारं हवेचं जॅकेट) पट्टे खांद्यावर आले की काखेतली शिलाई घासायला लागते आणि दुसऱ्या दिवशी हात वर करताना आई आठवते. ह्याची शिलाई सपाट आहे आणि ती खांद्यावरून न नेता पुढे छातीकडे वळवून घेतलीये, म्हणजे पट्टा बसतो तिथे टाकाच नाही. हे फक्त टाकी पाठीवर घेतलेल्या माणसालाच सुचू शकतं. बाह्या लांब आहेत (माझ्या हाताला तर जरा जास्तच, त्यांचा साईज चार्ट उंच लोकांसाठी आहे, एक नंबर लहान घ्या), लूप अंगठ्यात अडकवला की बाही वर सरकत नाही आणि जेलीफिशच्या दिवसात मनगट झाकलेलं राहतं. वास धरत नाही. रात्री धुवून टांगला की सकाळी वाळलेला असतो, मालवणच्या दमट हवेतसुद्धा, आणि हे मी कॉटनच्या बाबतीत कधीच बघितलेलं नाही.

शिवाय सनस्क्रीन वाचतं. हवाईमध्ये 2018 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 2021 पासून तिथे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेलं सनस्क्रीन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. आपल्याकडे असं काही नाही, होडीवर पर्यटक चुना फासल्यासारखं थापतात आणि पाण्यात उतरतात. अंगभर कापड असलं की फक्त तोंडाला आणि पायाला लावायचं, बाटली दुप्पट टिकते. माझं समुद्रप्रेम इथे काटकसरीशी छान जुळतं. UPF 50 म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो, पण कापड ताणलं की विरळ होतं आणि आकडा घसरतो, म्हणून लहान साईज घ्या म्हटलं तरी इतका लहान नको की ठिपक्यांची अंडी होतील.

ठिपक्यांवरून एक सांगायचंच आहे. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो काढून संशोधक तो मासा ओळखतात, आणि फोटो जुळवायची जी पद्धत वापरतात ती मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो जुळवायला केलेली होती. हे सगळं कंपनीच्या टॅगवर सुंदर लिहिलंय, पुढे मालदीव आहे, फिलिपिन्स आहे, मेक्सिको आहे. गुजरात नाही. अहो, वेरावळच्या किनाऱ्यावर एकेकाळी हे मासे हुकाने मारून ओढून आणायचे, यकृताच्या तेलासाठी, ते तेल होड्यांना लावायचे. 2001 साली आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्क आला, 2004 पासून कथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली' म्हटलं, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक, आणि जे कोळी तो मारत होते तेच जाळं कापून त्याला सोडायला लागले. इतकी भारी गोष्ट जगात दुसरीकडे झाली असेल असं मला वाटत नाही आणि समुद्रावर जीव टाकणाऱ्या कंपनीच्या टॅगवर तिला एक ओळ नाही. मी त्यांना कळवलंय. 'खूप प्रेरणादायी' असं उत्तर आलं, टॅग तोच आहे.

महाराष्ट्रातही असं काही आहे बरं का. कासव, व्हेल शार्क असलं काही जाळ्यात आलं आणि कोळ्याने जाळं कापून सोडलं तर महाराष्ट्र सरकारचा कांदळवन विभाग आणि मत्स्यव्यवसाय खातं पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, फोटो-व्हिडिओ काढून द्यावा लागतो. मला विचाराल तर समुद्र वाचवण्यात जाळं कापणाऱ्याचा वाटा माझ्या रॅशगार्डपेक्षा फार मोठा आहे. कंपनी जे देते ते नफ्यातलं देते, विक्रीतलं नाही, हे बारीक अक्षरात आहे, वाचून घ्या.

आता चेन.

चेनचे दात प्लास्टिकचे आहेत, छान जाड. पण रनर, म्हणजे वरखाली होतं ते, धातूचं! वरून चकचकीत मुलामा, आत जस्ताचा मिश्रधातू. पहिले काही महिने काही नाही. मग ओढायच्या पट्टीच्या मुळाशी मुलामा उडाला आणि तिथे पांढरी पावडर धरायला लागली, मला आधी मीठ वाटलं. मीठ पाण्याने जातं, ही जात नव्हती. मग रनरच्या आत लॉकची जी चिमुकली स्प्रिंग असते ती गंजली आणि गळ्याशी तांबूस डाग. लिंबू चोळलं, डाग फिका झाला, गेला नाही. होडी चालवणारे तांडेल काका बघून म्हणाले, "खाऱ्या पाण्यात लोखंड रवता काय गो? खोबरेल लाव तेका." खोबरेल लावलं, मेणबत्ती घासली, काही दिवस सरकली.

आणि मग एकदा डाईव्हनंतर गळ्यापर्यंत बंद असलेली चेन तिथेच बसली. खाली येईना. अंगावर ओला, घट्ट, मानेपर्यंत बंद कपडा, वर ऊन, आणि होडी हलतेय. दोघींनी धरून डोक्यातून ओढून काढला, एक कानातलं समुद्राला अर्पण झालं (खोटं होतं, नशीब). सगळी होडी हसत होती, मी सोडून.

माझा मुद्दा एवढाच आहे की तुम्ही डायव्हर आहात ना बाबांनो? बीसीडीच्या खिशाला प्लास्टिकच्या चेन असतात. हे तुम्हाला रोज हाताला लागतं. खांद्यावरची शिलाई वळवायला सुचलं, जाहिरातीत मीठ, लाटा, प्रवाळ, सगळं, आणि रनर मात्र जीन्सच्या खिशाला शोभेल असा. फोटोत चमकतो म्हणून लावला असणार, माझी खात्री आहे.

कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर मशीनचं, खाली कासवाचं चित्र. दुसऱ्या उत्तरात प्रश्न, वापरल्यावर गोड्या पाण्यात धुता का? धुते हो. पाण्याच्या टंचाईत धुते, बादलीत खळबळून, पिळत नाही, सावलीत वाळवते, सॉफ्टनर नाही, मशीन नाही, सगळं तुमच्या लेबलप्रमाणे. तिसऱ्या उत्तरात म्हणे खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. हे मी परत परत वाचलं. समुद्रात घालायच्या कपड्याला समुद्राची वॉरंटी नाही! मग मी पण जरा तिखट लिहिलं, तेव्हा म्हणाले ठीक आहे, अपवाद म्हणून नवा पाठवतो, जुना कात्रीने मधोमध कापा आणि फोटो पाठवा म्हणजे तो परत वापरात जाणार नाही.

कापा?! वापरा-फेका संस्कृतीवर तुमचे अर्धे व्हिडिओ आहेत. धडधाकट कपडा फक्त बोटभर रनरसाठी कापायचा, मग दुसरा विमानाने सातासमुद्रापार आणायचा, आणि त्यावर मी परत ड्युटी भरायची. हे काही माझ्याच्याने झालं नाही. आमच्या घरी फाटक्या बनियनचं सुद्धा आधी पुसणं होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देणार होते. पुढचं नंतरचं आहे.

पुण्यात बोहरी आळीत गेले. दुकानदाराला दात दाखवले, म्हटलं रनर पण प्लास्टिकचाच पाहिजे, लोखंड-जस्त काही नको. त्याने 'पाच नंबर' म्हणत एका डब्यातून काढून दिला, दहा रुपये. रंग काळा, मूळचा चंदेरी, कोण बघतंय. आमच्या गल्लीतल्या अल्टरेशनवाल्या काकांनी कापड दोन बोटांत ताणून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्याला साधी सुई चालायची नाही, भोकं पडतील, होजियरीची लावतो." कॉलरचे चार टाके उसवले, जुना रनर पकडीने कापून काढला, नवा चढवला, परत शिवलं. साठ रुपये. म्हणजे सत्तर रुपयांत काम झालं आणि त्यानंतर समुद्र झाला, पावसाळ्यात मालवण बंद असतं तेव्हा पुण्यात पालिकेच्या पोहण्याच्या टँकवर क्लोरीन झालं, चेन लोण्यासारखी चालतेय. टँकवर 'नायलॉन कॉस्च्युम सक्तीचा' असा बोर्ड आहे, तिथल्या बाईंनी सुरुवातीला फुल बाह्या बघून हटकलं, लेबल दाखवल्यावर सोडलं. क्लोरीनने लायक्रा हळूहळू मरतो हे खरं, कोपरापाशी जरा सैल वाटायला लागलाय, ठिपके मात्र जसेच्या तसे.

दुरुस्तीचा फोटो कंपनीला पाठवला, जरा खिजवायलाच. आणि ह्यावेळी कासवाचं चित्र नाही, मालकांपैकी एकाचं स्वतः लिहिलेलं उत्तर आलं. कापायला सांगणं चुकीचं होतं, तो नियम काढतोय, रनर कुठला लावला, किती नंबरचा, जवळून फोटो पाठव. चांगलं लांबलचक पत्र होतं, त्यात रडगाणं नव्हतं. दुरुस्तीचे पैसे देऊ म्हणाले, पण सत्तर रुपये परदेशातून पाठवायला बँक त्याहून जास्त घेईल, मग कूपन दिलं. कूपन शिपिंगमध्ये जातं. असो. माणूस भेटला हे महत्त्वाचं, म्हणून दोनाचे साडेतीन.

त्याच पत्रात मी विचारलेल्या बाकीच्या गोष्टींची पण सरळ उत्तरं होती. जाहिरातीत 'समुद्रातल्या जाळ्यांपासून' वाचून आपल्याला वाटतं कुणी डायव्हरने प्रवाळावरून जाळं सोडवलं आणि त्याचा माझा शर्ट झाला. तसं नसतं. हे कापड ज्या इकोनिल धाग्याचं आहे तो इटलीची अ‍ॅक्वाफिल कंपनी 2011 पासून बनवते, स्लोव्हेनियात लुब्लियानाला कारखाना आहे, आणि त्यात मत्स्यशेतीची जुनी जाळी, गालिचे, कारखान्यांचं उरलंसुरलं असं बरंच काही जातं. ते सगळं रासायनिक प्रक्रियेने मुळापर्यंत मोडून परत नायलॉन करतात, त्यामुळे धागा नव्याइतकाच चांगला. समुद्रातून काढलेलं भुताचं जाळं (कुणीतरी टाकून दिलेलं, बेवारस) त्यात असतं, पण थोडं. त्याने हे कबूल केलं, जाहिरातीत बदल करतो म्हणाला, बघू.

धुण्याचं पण. सिंथेटिक कापड धुताना बारीक तंतू सुटतात, रिसायकल असो नाहीतर नवं. प्लिमथ विद्यापीठाच्या लोकांनी 2016 मध्ये दाखवलं होतं की सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांवर तंतू सुटू शकतात. नायलॉन त्यात मोजलेलं नव्हतं, तरी मशीनमध्ये टाकायची माझी हिंमत होत नाही. हाताने, थंड पाण्यात, आणि ते पाणी कुंडीत ओतते. झाडाला काय वाटत असेल ते असो, निदान खाडीत जात नाही.

घ्यायचाच असेल तर चेनवाला घेऊ नका, डोक्यातून घालायचा बिनचेनचा मॉडेल आहे, थोडा स्वस्तही आहे. चेनवालाच आवडला तर आधी विचारा रनर कशाचा आहे, आणि 'गंज प्रतिरोधक' म्हणाले तर परत विचारा प्लास्टिक की धातू. दोघी-तिघींनी मिळून मागवलात तर शिपिंग वाटलं जातं, माझ्याकडे ते कूपन पडलंय, ज्यांना सामील व्हायचंय त्यांनी कळवा. पुढच्या बॅचमध्ये प्लास्टिकचा रनर येणार असं त्याने लिहिलंय. आला की मी लेगिंग्ज घेणार आहे, त्याला चेनच नाही म्हणून, आणि डॉलर जरा खाली आला तर.