४८ अंड्यांचं इनक्युबेटर: मशीन बरंय, सोबतचा कागद फाडून टाका

घरच्या गावरान कोंबड्यांसाठी ऑनलाइन ४८ अंड्यांचं ऑटोमॅटिक इनक्युबेटर घेतलं, सहा हजाराच्या आत बसलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच मशीन वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, स्टिकर तेवढा बदलतो. कोंबडी खुडूक होईपर्यंत (म्हणजे स्वतः अंडी उबवायला बसेपर्यंत) थांबायचं नसेल तर असलं काहीतरी लागतंच.

अंडी फिरवणारी मोटर मस्त चालते, आवाज नाही. १२ व्होल्टची वायर दिलीय, लाइट गेली की बॅटरीवर टाकायचं, आमच्याकडे याची फार गरज. डिस्प्लेवर ३७.५ दिसतं पण आत ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ठेवून बघितलं तर अर्धा डिग्री कमी भरलं. सेटिंगमध्ये जाऊन ते जुळवता येतं आणि जुळवाच, कारण टेंपरेचर सतत कमी राहिलं की पिल्लं २१ व्या दिवसाऐवजी २२-२३ ला निघतात आणि मग घरातले सगळे मागे लागतात, अरे अंडं फोड, आत मरेल ते.

आता त्या कागदाबद्दल. सोबत एक पानाची माहिती येते, त्यात लिहिलंय की २१ व्या दिवशी पिल्लू बाहेर आलं नाही तर कवच फोडून मदत करावी. झालं, एवढंच! हे वाचून किती जणांनी जिवंत पिल्लं मारली असतील देव जाणे.

पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तिथे पहिला श्वास घेतं, आतून चिवचिव ऐकू येते ती इथूनच. मग कवचाला बाहेरून दिसेल असा टोचा पडतो. त्यानंतर तासन् तास काहीच होत नाही आणि सगळी गडबड नेमकी इथे होते. आपल्याला वाटतं दमलं बिचारं, पण कवचाच्या आतल्या पातळ पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं काम चालू असतं, उरलेला बलक पोटात जात असतो. टोचा पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं एकदम नॉर्मल आहे. त्याच्या आधी कवच सोललं तर शीर फुटते, रक्त जातं, नाहीतर बलक पोटाबाहेर लोंबतच राहतो आणि तसलं पिल्लू सहसा जगत नाही.

मग हात कधी लावायचा? टोचा पडून २४ तास उलटून गेले, पिल्लू आवाज करतंय पण भोक जराही वाढत नाही आणि पडदा सुकून कागदासारखा पिवळट-तपकिरी झालाय, तर समजायचं ते चिकटलंय. किंवा टोचा निमुळत्या टोकाला पडलाय, तर त्या अंड्यावर लक्ष ठेवायचं, काही निघतात आपली आपण, काही नाही. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस पडद्यावर फिरवायचा, नाकपुडीत पाणी जाता कामा नये. ओला झाला की शिरा दिसतात, लाल शीर दिसली की तिथेच थांबायचं आणि अंडं परत मशीनमध्ये. शिरा नसतील तर रुंद टोकाकडून कवचाचे बारके तुकडे काढत डोकं मोकळं करायचं आणि मागचा भाग तसाच सोडायचा, तो पिल्लाने स्वतः ढकलायचा.

आणि पडदा सुकतो कशाने? बऱ्याचदा आपणच झाकण उघडून. १८ व्या दिवसापासून फिरवणं बंद, ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) ६५ ते ७० टक्के आणि झाकण बंद म्हणजे बंद. पहिलं पिल्लू निघालं की लगेच काढायची घाई नको, पोटातल्या बलकावर ते दोन दिवस आरामात काढतं. म्हणून मी हे मशीन त्या शेवटच्या तीन दिवसांवरूनच जोखलं. पाणी घालायला बाहेरून भोक आहे, याला फुल मार्क. ह्युमिडिटी वाढवली की झाकणाला आतून वाफ धरते आणि टोचा पडलाय की नाही ते कळत नाही, मग घरातल्या प्रत्येकाला "जरा बघू" करत झाकण उचलायचा मोह होतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर थोडंफार दिसतं. आकड्यांचा फॉन्ट पण इतका बारीक की आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही.

चार स्टार. एक कापला तो त्या कागदासाठी, सेलरला मेसेज टाकून सांगितलं की ती ओळ बदला, उत्तर आलं "रिटर्न हवंय का सर". फ्रिजमधली दुकानाची अंडी लावून ट्रायल घेऊ नका, लेयर फार्मवर (फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे) कोंबडा नसतो, त्यातून काहीच निघणार नाही आणि मग शिव्या मशीनला घालाल.