बियांपासून लाल कोबी: परसबागेतल्या पाच महिन्यांचा अनुभव

८ सप्टेंबरला बी पेरलं आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा गड्डा कापला. आमचं घर नाशिकला, मागच्या अंगणात चार बाय आठ फुटांचे दोन वाफे. हिरवा कोबी मी दरवर्षी लावते, लाल पहिल्यांदाच. कोणी विचारलं तर मी आधी एवढंच सांगेन, की याला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ थंडीचा असावा लागतो.

कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये ४० बिया टाकल्या, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर ३३ अंकुर वर आलेले, आणि प्रत्येकाचा देठ जांभळा! हिरव्या कोबीच्या रोपांत मिसळले तरी ओळखू येतील असे. पुढच्या आठवड्यात पाणी जास्त झालं आणि पाच रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली. तेव्हापासून ट्रेचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही. उरलेल्या २८ पैकी चार शेजारच्या काकूंना दिली, २४ माझ्याकडे राहिली.

१० ऑक्टोबरला पुनर्लागवड केली, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवून. एवढी जागा मोकळी सोडायला जीव होत नाही, पण बाहेरची पानं खरोखरच तेवढी पसरतात. आणि गड्डा पोसला जातो तो त्या पानांवरच, म्हणून ती काढू नका.

खरी परीक्षा अळ्यांची. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी लहान, हिरवी. बोट लावलं की वळवळत मागे सरते आणि रेशमासारख्या धाग्यावर खाली लोंबकळते. जांभळ्या पानावर ती चटकन दिसते, हा लाल कोबीचा मोठा फायदा. मी रोज सकाळी पानं उलटून हातानेच वेचत होते. शिवाय ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळलेली. पानांवर मेणासारखा थर असतो, त्यावरून फवारणीचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळून जातात. थोडं साबणाचं पाणी मिसळलं तेव्हा कुठे ते टिकले. लागवडीच्या पंधरा दिवस आधी कडेने मोहरी पेरली होती. मावा बराचसा तिच्यावरच बसला, तीच उपटून टाकली.

बियांच्या पाकिटावर ७५ दिवस लिहिलं होतं. माझा पहिला गड्डा तयार झाला लागवडीनंतर ९२ व्या दिवशी, आणि काही तर १२० दिवसांपुढे गेले. ७५ व्या दिवशी गड्डा मुठीएवढाही नव्हता, मी फार निराश झाले होते. पाकिटावर खरा काळ छापायला हवा, कारण त्या आकड्यावर विसंबून कोणी नोव्हेंबरअखेर लावला तर गड्डा धरायच्या वेळी ऊन तापलेलं असेल. डिसेंबरच्या थंडीत मात्र रंग दिवसागणिक गडद होत गेला.

२४ पैकी १७ गड्डे चांगले मिळाले, ६०० ते ८०० ग्रॅमचे, दाबून पाहिले तर दगडासारखे घट्ट. भिंतीच्या सावलीतल्या तीन रोपांनी गड्डा धरलाच नाही. चार फुटले. आम्ही आठवडाभर गावी गेलो होतो, आल्यावर कोरड्या वाफ्याला एकदम भरपूर पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी चिरा पडलेल्या. नियमित पाणी हाच त्यावर उपाय.

पहिला गड्डा विळीवर उभा चिरला तेव्हा आत पांढऱ्या-जांभळ्या पदरांची नक्षी निघाली, घरातली सगळी बघायला आली. कोशिंबिरीत लिंबू पिळताच रंग गुलाबी होतो. भाजीचं मात्र जपून. आमच्या बोअरच्या जड पाण्यात शिजवली तर ती निळसर झाली, मुलांनी हातही लावला नाही. यातला अँथोसायनिन हा रंग आंबटात लालसर आणि क्षारात निळा होतो. आता फोडणीत आधी दोन कोकमं टाकते आणि पाणी घालतच नाही, वाफेवर शिजवते.

गड्डे कापताना खोड आणि खालची पानं तशीच ठेवली, खोडावर सुरीने फुलीसारखी चीर दिली. आता तिथे लिंबाएवढे तीन-तीन, चार-चार छोटे गड्डे धरलेत. काल त्यातले सहा काढून थालीपिठात किसून घातले.